मृत्यू समोर दिसत असताना माणसे शिखरांकडे का जातात?

प्रश्न : उंच शिखरांवर गिर्यारोहक मृत्युमुखी पडल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो, तरीही पुढच्या हंगामात पुन्हा माणसे तिथे जातातच. यांना मृत्यूचे भय वाटत नाही का, की ही एक प्रकारची नशा आहे?

उत्तर : नशेचा तर्क जुना आहे आणि मानसशास्त्रानेही तो दीर्घकाळ उचलून धरला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी १९६०च्या दशकात अशी मांडणी केली की काही माणसांना नव्या आणि तीव्र संवेदनांची भूक इतरांपेक्षा अधिक असते व ती भागवण्यासाठी ती धोका पत्करायला तयार होतात. विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणाऱ्यांना हे वर्णन बरेचसे लागू पडते. मोठ्या शिखराच्या मोहिमेत मात्र थरार फारच थोडा असतो. कित्येक आठवडे चालणाऱ्या या मोहिमेतला बहुतेक वेळ ओझी वाहण्यात, विरळ हवेची शरीराला सवय करून देण्यात, बर्फ वितळवून पिण्याचे पाणी करण्यात आणि हवामान सुधारण्याची वाट पाहत तंबूत डोकेदुखी सोसण्यात जातो. केवळ थरार हवा असलेला माणूस आठवडाभरात कंटाळून परत फिरेल. वेल्समधील बँगोर विद्यापीठाचे मॅथ्यू बार्लो, टिम वुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हाच फरक दिसला. गिर्यारोहकांच्या बाबतीत संवेदनांच्या भुकेपेक्षा स्वतःच्या भावनांवर आणि स्वतःच्या आयुष्यावर आपली पकड असावी, ही गरज अधिक ठळक होती.

भयाविषयी म्हणाल, तर ॲलेक्स होनोल्ड या अमेरिकी प्रस्तरारोहकाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ३ जून २०१७ रोजी योसेमिटीमधील एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटर उंचीचा कडा तो एकट्याने, दोराविना, चार तासांपेक्षा कमी वेळात चढून गेला. त्याआधी झालेल्या तपासणीत, इतरांना अस्वस्थ करणारी चित्रे दाखवूनही त्याच्या मेंदूतील अमिग्डला हा भयाशी संबंधित भाग फारसा जागा झाला नव्हता. एवढ्यावरून त्याला निर्भय ठरवून मोकळे होणे सोपे आहे; पण याच माणसाने आदल्या वर्षी हाच प्रयत्न अर्ध्यावर सोडून दिला होता, आणि अवघड टप्प्यांवरची एकेक पकड दोर बांधून पुन्हा पुन्हा घोटवली होती. ज्याला भय ठाऊकच नाही, तो एवढी तयारी कशासाठी करील?

मग ओढ कशाची? मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रस्तरारोहकांचाही समावेश होता. अंगातले कौशल्य पुरते पणाला लावणारे काम हाती असते आणि केलेल्या कृतीचे फळ तत्काळ कळते, तेव्हा मनाला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही, असे त्यांना आढळले. पाय नीट टेकला की नाही, हे कड्यावर पुढच्याच क्षणी कळते. एरवी आपला एखादा निर्णय बरोबर होता की चूक, हे उमगायला वर्षे लागतात, आणि कित्येकदा ते उमगतही नाही. माझ्या मते ओढीचे मूळ येथे आहे. धोक्याची हौस असलेली माणसे यात थोडीच असतात. मात्र धोका काढून टाकला तर प्रत्येक पावलाला आलेले मोलही निघून जाते, याची जाणीव बहुतेकांना असते.

कीर्ती आणि प्रायोजकांचा पैसा ही कारणेही आहेतच, पण ती मूठभरांपुरती. त्याहून मोठा वाटा स्मरणशक्तीचा आहे. अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९९ साली गिर्यारोहकांच्या अनुभवकथनांवरून दाखवले, की सोसलेली थंडी, उपासमार आणि वेदना यांची तीव्रता माणसाला नंतर नीटशी आठवत नाही. शिखर मात्र आठवते. ३ जून १९५० रोजी अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोहोचलेल्या मोरिस हेर्झोग यांनी हिमदंशाने पायांची सगळी आणि हातांची बहुतेक बोटे गमावली, तरीही त्या दिवसाचे वर्णन त्यांनी धन्यतेच्याच सुरात केले.

प्रश्न : घरी लहान मुले असताना असा धोका पत्करणे स्वार्थीपणाचे नाही का?

उत्तर : आहे, आणि प्रामाणिक गिर्यारोहक ते नाकारत नाहीत. ब्रिटिश गिर्यारोहक ॲलिसन हारग्रीव्ह्ज यांनी मे १९९५ मध्ये कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्ट सर केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केटू शिखरावरून उतरताना वादळात त्यांचा मृत्यू झाला. मागे दोन लहान मुले होती, आणि त्यावरून त्यांच्यावर कडक टीका झाली. पिता असलेल्या गिर्यारोहकांना हा जाब इतक्या कठोरपणे क्वचितच विचारला गेला आहे, ही गोष्ट मला खटकते. पण म्हणून प्रश्न गैरलागू ठरत नाही.

स्वतःच्या आयुष्यावरच्या ज्या पकडीविषयी आपण वर बोललो, तिची मर्यादाही येथेच उघडी पडते. दोराची गाठ गिर्यारोहकाच्या हाती असते, डोक्यावर लोंबणारा हिमकडा नसतो. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू हिमप्रपातात बर्फाचे प्रचंड खंड कोसळून १६ नेपाळी कामगार ठार झाले. त्यांचे कौशल्य कमी पडले, असे कोणी म्हणू शकणार नाही. शिवाय ते स्वतःच्या ओढीने नव्हे, तर इतरांच्या मोहिमांसाठी मजुरीवर तिथे गेले होते. गिर्यारोहक ‘हा माझा वैयक्तिक निर्णय आहे’ असे म्हणतात, तेव्हा या माणसांचा हिशेब त्यात धरलेला नसतो.

प्रश्न : मग अशा चढायांवर बंदी का घालू नये?

उत्तर : तो प्रयोग होऊन गेला आहे. स्वित्झर्लंडमधील आयगर शिखराच्या उत्तर कड्यावर १९३६ च्या जुलैमध्ये टोनी कुर्त्स आणि त्याचे तीन साथीदार मरण पावल्यावर बर्न प्रांताने त्या कड्यावर चढण्यास मनाई केली. ती काही महिन्यांतच उठवावी लागली, आणि १९३८ साली चौघांनी तो कडा सर केला. बंदीपेक्षा परत फिरण्याची वेळ आधी ठरवून ती पाळण्याचा साधा नियम अधिक जीव वाचवतो, असे मला वाटते. अर्थात तोही माथा नजरेच्या टप्प्यात आल्यावर मोडला जातो. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर दुपारची ठरलेली वेळ उलटल्यावरही काही जण वर चढत राहिले. त्या संध्याकाळी उठलेल्या वादळाच्या तडाख्यात आठ जणांचा बळी गेला, आणि मृतांमध्ये दोन मोहिमांचे अनुभवी नेतेही होते.