सरासरी ५ टक्के नफा, मग पैसे कमी कसे?

प्रश्न: म्युच्युअल फंडात एक लाख रुपये टाकले. पहिल्या वर्षी ५० टक्के वाढ झाली, दुसऱ्या वर्षी ४० टक्के घट. एजंट म्हणतो, वर्षाला सरासरी ५ टक्के मिळाले. खात्यात मात्र ९०,००० दिसतात. कोणाचं खरं?

उत्तर: खात्याचं. एजंटाने ५० मधून ४० वजा करून दोनाने भागलं, म्हणजे समांतर मध्य काढला. गुण, पाऊस, दूध अशा बेरजेने साठणाऱ्या गोष्टींना तो चालतो. परतावा गुणाकाराने साठतो. दुसऱ्या वर्षीची घट मूळ लाखावर नव्हे, दीड लाखावर बसली आणि ६०,००० गेले. इथे भूमितीय मध्य हवा: १.५ × ०.६ = ०.९, त्याचं वर्गमूळ ०.९४८७. म्हणजे दरसाल सुमारे ५.१३ टक्के तोटा. तीन वर्षं असती तर घनमूळ काढलं असतं. फंडाच्या कागदांवर ‘सीएजीआर’ (वार्षिक चक्रवाढ दर) छापतात तो हाच हिशेब.

एक्सेलमधल्या ‘जिओमीन’ला, म्हणजे भूमितीय मध्य काढणाऱ्या सूत्राला, थेट टक्के देऊ नका. ऋण आकडा दिसला की ते निदान अडून बसतं. पण १० आणि २० दिले तर निमूटपणे १४.१४ सांगतं, खरं उत्तर १४.८९ असताना. आधी टक्क्यांना १०० ने भागून १ मिळवा, मध्य काढा, मग १ वजा करून पुन्हा टक्के करा.

प्रश्न: दरमहा ५,००० ची एसआयपी, म्हणजे फंडात ठरलेला हप्ता, आहे. युनिटचा भाव तीन महिन्यांत ५०, २५ आणि २० होता. माझी सरासरी ३१.६७ येते, स्टेटमेंटवर २७.२७ आहे. चूक कुठे?

उत्तर: रक्कम ठरलेली आहे, युनिट नाहीत. पाच हजारांत अनुक्रमे १००, २०० आणि २५० युनिट आले; १५,००० ÷ ५५० = २७.२७. हा हरात्मक मध्य: ३ ला भावांच्या व्यस्तांच्या (१ ÷ भाव) बेरजेने, म्हणजे ०.०२ + ०.०४ + ०.०५ ने भागायचं. दरमहा १०० युनिटच घेतले असते, तर तुमचे ३१.६७ बरोबर होते. महिन्याची रक्कम बदलत असेल तर सूत्र सोडा, एकूण रुपयांना एकूण युनिटांनी भागा.

भाव बदलते असले की हरात्मक मध्य समांतर मध्यापेक्षा कमीच येतो. ‘एसआयपीत सरासरी भाव कमी पडतो’ हे त्यामुळे खरं, पण त्याला नफा म्हणणं ही विक्रीची भाषा. तुमच्याच ५५० युनिटांची २० च्या भावाने किंमत ११,००० होते.

प्रश्न: ‘अ’ तुकडीची सरासरी ५५, ‘ब’ची ७५. दोन्ही मिळून ६५ ना?

उत्तर: पट सारखा असेल तरच. ‘अ’मध्ये ६० आणि ‘ब’मध्ये २० मुलं असतील तर (६० × ५५ + २० × ७५) ÷ ८० = ६०. ही भारित सरासरी. पट माहीत नसेल तर उत्तर काढताच येत नाही.