‘मी प्रभुभोजनाला लायक नाही’

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजनाचा (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा) दिवस, जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. आठवडाभर प्रार्थना झाली नाही, शुक्रवारचा उपास मोडला, घरात वाद झाला. मग प्रभुभोजन घेऊ का? विचारणारे बहुधा मंडळीतले सगळ्यात नेमाचे लोक असतात. ज्यांनी खरोखर विचारायला हवं, ते विचारायला येत नाहीत. पण तो वेगळा विषय.

एका सिस्टरांची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. वय चाळिशीतलं, खासगी रुग्णालयात नर्स, आठवड्याआड रात्रपाळी. पहाटे पाचला प्रार्थना, रोज बायबलचे चार अध्याय, शुक्रवारी कडक उपास, पगार झाला की आधी दशांश, म्हणजे दहावा हिस्सा देवाला. यातलं काही चुकलं की वहीत लाल फुली, आणि फुली पडली की त्या महिन्यात प्रभुभोजन नाही. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पहिल्या रविवारी त्या संडेस्कूलची मुलं सांभाळायचं काम मागून घेत. मंडळीत त्यांच्या सेवेचं कौतुक व्हायचं. इकडे कित्येक महिने त्यांनी भाकर-प्याला घेतलाच नव्हता.

भीतीचं मूळ एका वचनात होतं. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात, जो अयोग्य प्रकारे खातो-पितो तो प्रभूच्या शरीराविषयी व रक्ताविषयी दोषी ठरतो, असं प्रेषित पौल, येशूचा सुरुवातीच्या काळातला प्रचारक, लिहितो. कुठल्याशा प्रार्थनासभेत एवढंच ऐकून त्या घरी आल्या होत्या. आम्ही तो अध्याय 20व्या वचनापासून वाचला. करिंथच्या मंडळीत काय चाललं होतं? आधी आलेले आपापलं उरकून घेत, कोणी उपाशी राही तर कोणी झिंगलेला असे, आणि गरिबांना खाली मान घालावी लागे. पौलाचा राग त्यावर आहे. शेवटी त्याने उपायही तसाच सांगितला आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. पहाटेच्या प्रार्थनेचा, उपासाचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. आत्मपरीक्षा करा असं तो जरूर म्हणतो, पण परीक्षा करून मग खा, असं म्हणतो. उठून जा असं नाही.

‘‘म्हणजे मॅडम, कसंही वागून बसायचं?’’ सिस्टर जरा चिडल्याच.

हा प्रश्न पौलालाही चुकला नाही. कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, असं रोमकरांच्या पत्रात तो स्वतःच विचारतो आणि उत्तर देतो, कधीच नाही. मी त्यांना विचारलं, पथ्य मोडून साखर वाढलेला पेशंट परत आला तर काय करता? त्या म्हणाल्या, ‘‘आधी चांगली झाडते.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग काय, दाखल करून घ्यावंच लागतं.’’

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता; आणि हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर बऱ्याच वर्षांनी उमगलं. ही रमाबाईंची कथा असेल, तर आपण इतकं लाजायचं कारण नाही.

खरी गोष्ट बऱ्याच भेटींनंतर बाहेर आली. गावाकडच्या वाटणीवरून जावेशी त्यांचं बोलणं बंद होतं. वहीत त्याची एकही फुली नव्हती! नियमांचा हा सोस कडक दिसतो, पण मला तो सोपा वाटतो. चार अध्याय वाचणं जावेला फोन करण्यापेक्षा केव्हाही सोपं. परूशी, म्हणजे येशूच्या काळातले नियम काटेकोर पाळणारे यहुदी, पुदिन्याचा आणि जिऱ्याचासुद्धा दशांश देत आणि न्याय, दया, विश्वास सोडून देत, असं येशू म्हणाला ते याचसाठी.

सिस्टर लगेच म्हणाल्या, ‘‘म्हणजे आधी जाऊबाईंशी समेट, मगच प्रभुभोजन.’’ वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जा, हे वचन त्यांना पाठ होतं. मी म्हणाले, ती आज्ञा खरीच आहे, पण तिची नवी फुली करू नका. समेट दोघींच्या हातात असतो, पाऊल टाकणं तुमच्या. प्रभुभोजनाच्या मेजावर या, आणि तिथून बळ घेऊन फोन करा. काही पाळकांना हा क्रम पटत नाही. मला मात्र आठवतं की शिष्य पेत्राने येशूला नाकारलं ती रात्र आणि शेवटच्या भोजनाची रात्र एकच होती. तो काय करणार हे येशूने आधीच सांगितलं होतं, तरी त्याला पानावरून उठवलं नाही.

एक सूचना. तेच पाप पुन्हापुन्हा कबूल करूनही चैन पडत नसेल, देवाबद्दल नको ते विचार मनात घुसून झोप उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तो ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार वारंवार येऊन छळणाऱ्या मानसिक आजाराचा, प्रकार असू शकतो. त्यावर औषध आहे, उपचारपद्धती आहे. अशा माणसाला आणखी वचनं पाठ करायला लावणं मला क्रूर वाटतं. सिस्टरांचं तसं नव्हतं.

पुढे एका पहिल्या रविवारी त्या रात्रपाळी संपवून, कँटीनमध्ये पोहे खाऊन थेट उपासनेला गेल्या आणि प्रभुभोजन घेतलं. शुक्रवारचा उपास अजून करतात, रात्रपाळी नसेल तेव्हा. जाऊबाईंनी पहिले फोन उचलले नाहीत. आता बोलतात, तुटक. वाटणीचा प्रश्न आहे तिथेच आहे. त्यासाठी दोघींनी मिळून मोजणीचा अर्ज केला आहे.