आधी तब्येत, मग निवारा, मग काम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

व्यसन, सुटलेलं काम आणि गेलेलं छप्पर या विषयावर सोलापुरातून बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग जुळवणारा, दुरुस्त करणारा) होता. ताडी आणि हातभट्टी, दोन्ही पितो. काम गेलं, बायको माहेरी गेली, आता एसटी स्टँडवर झोपतो. परवा म्हणाला, "अक्का, उद्यापासून बंद." त्याला घरी आणून चार दिवस खोलीत ठेवलं, बाहेर सोडलं नाही, तर सुटेल का?
(एक बहीण, पूर्व भाग)

उत्तर : अक्का, त्याला घरी जरूर आणा, पण कोंडू नका. आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकदम बंदही करू देऊ नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यात माणूस दगावतो. तुम्ही त्याला कोंडणार आहात ते नेमके हेच दिवस.

सकाळी लवकर सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात न्या. केसपेपर काढा आणि मनोविकार विभागाची ओपीडी विचारा. तो काय पितो, दिवसाला किती क्वार्टर किंवा किती ग्लास, शेवटचं कधी प्यायला, आधी कधी फिट आली होती का, हे कागदावर लिहून न्या. फिटचा इतिहास असेल तर घरी उपचार नकोत, भरतीच करा.

ताडी मुद्दाम वेगळी सांगा. नुसतं "दारू पितो" म्हणू नका. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची पूड असते, आणि ती तुटल्यावरही फिट व भ्रम होतो. डॉक्टरांना माहीत असेल तर ते औषध त्या हिशेबाने ठरवतात.

आणखी एक. आपल्याकडे अशक्त माणूस दिसला की घरचे "एक सलाईन लावा" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात आग्रह धरतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व फार कमी उरलेलं असतं. ते न देता आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून "बी-१चं इंजेक्शन आधी द्याल ना?" एवढं विचाराच. फिट आली किंवा तो बडबडायला लागला तर १०८ला फोन करा. रात्री नुसतं बोलायला, विचारायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. व्यसनासाठी १४४४६.

घरात जागा नसेल, किंवा घरातल्या बाकीच्यांमुळे ठेवणं शक्य नसेल, तर महापालिकेत, इंद्रभुवनात, बेघर निवाऱ्याची चौकशी करा. आधार कार्ड नाही म्हणून निवारा नाकारायचा नसतो. पण तिथे पिऊन जाता येत नाही. त्यामुळे आधी सिव्हिल, मग निवारा. हा क्रम उलटा झाला की पहिल्याच रात्री भांडण होऊन माणूस पुन्हा स्टँडवर येतो.

प्रश्न : नवऱ्याला न सांगता चहातून दारू सोडवायची गोळी दिली तर चालेल का? मेडिकलवाला देतो म्हणतो.
(एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : अजिबात नको. त्या गोळीत बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा लिव्हर कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. जो माणूस समजून-उमजून, तपासण्या करून, बायकोच्या समोर रोज ती घेतो, त्याला तिचा उपयोग होतो. लपवून दिलेली गोळी म्हणजे त्याच्यावर केलेला विषप्रयोगच.

प्रश्न : मी तीन महिने दारूला शिवलो नाही. निवाऱ्यात राहतो. पिशवी चोरीला गेली, आधार, पासबुक, मोबाइल सगळं गेलं. कागद नाहीत म्हणून कुणी कामाला ठेवत नाही. आधीच्या कारखान्यात आठ वर्षं होतो, तिथलं काही मिळेल का?

उत्तर : दादा, आधार नंबर बदलत नाही. त्यामुळे नवं काढायच्या भानगडीत पडू नका, नाकारलं जाईल. आधार सेवा केंद्रात बोटांवरून जुना नंबर शोधून प्रिंट मिळते. यंत्रमागावर काम करून किंवा विडी वळून बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर मशीन बोट घेत नाही. तेव्हा "डोळ्यांवरून बघा" म्हणा, बुबुळावरूनही नंबर निघतो. त्याच फेरीत नवा मोबाइल नंबर जोडून घ्या, त्याला कागद लागत नाही. याशिवाय पुढचा एकही ओटीपी तुमच्यापर्यंत येणार नाही.

पत्ता बदलायचा असेल तर आधारचा ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. त्यावर राजपत्रित अधिकारी, तहसीलदार किंवा मान्यताप्राप्त निवाऱ्याचे प्रमुख सही करू शकतात. हे दाखले परत येतात ते क्षुल्लक कारणांनी : तारीख नाही, शिक्का फोटोवर अर्धा पडलेला नाही, खाडाखोड आहे, किंवा झेरॉक्स नेली आहे. मूळ प्रतच न्या. दाखला तीन महिनेच चालतो.

जुनं बँक खातं दोन वर्षं वापरलं नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असेल. केवायसी देऊन ते फुकट चालू होतं.

आता कारखान्याचं. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि तुमची सलग पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटीचा, म्हणजे काम सुटताना मालकाने द्यायच्या रकमेचा, हक्क आहे. हिशेब असा : शेवटची महिन्याची मजुरी गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. मजुरी १२,००० धरली तर आठ वर्षांचे सुमारे ५५,३८४ रुपये होतात. पीस रेटवर (नगावर मजुरी) असाल तर शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी धरतात. "पिऊन यायचा म्हणून काही देणार नाही" हे मालकाचं म्हणणं एवढ्यावर टिकत नाही. मारहाण किंवा मोठं नुकसान केल्यामुळे काढलं असेल तर गोष्ट वेगळी. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर आलं नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन दाद कुठे मागायची ते विचारा. हजेरी कार्ड, पगाराची पाकिटं, ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) विमा क्रमांक, सोबतच्या दोन कामगारांचा जबाब, जे हाती लागेल ते जोडा. मागावरच्या कामगाराचं नाव बऱ्याचदा रजिस्टरलाच नसतं, सगळं अडतं ते इथेच. म्हणून जुन्या सोबत्यांना आधी भेटा.

प्रश्न : आमच्या गल्लीतले एक मामा पूर्वी चांगले कारागीर होते, आता देवळाच्या ओट्यावर झोपतात. उपचार घ्यायला तयार झालेत. गणेश मंडळाने ५,००० रुपये जमवलेत. त्यांच्या हातात द्यावेत का? अजून काय करता येईल?
(एका मंडळाचे कार्यकर्ते)

उत्तर : हातात एक रुपयाही देऊ नका. त्यांच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. पहिल्या काही महिन्यांत खिशातली नोट हीच सगळ्यात मोठी ओढ असते. खानावळीचे पैसे खानावळवाल्याकडे भरा, औषधांचे मेडिकलमध्ये, आणि रिक्षाभाडं सोबत जाणाऱ्याकडे ठेवा.

वीस जणांनी मिळून मदत करायची म्हटलं की कुणाचीच जबाबदारी राहत नाही. चौघांची नावं ठरवा. एक सिव्हिलच्या तारखा सांभाळील, एक कागदपत्रं बघेल, एक जेवणाचं, एक कामाचं. बाकीच्यांनी संध्याकाळ वाटून घ्यावी. साडेसहा ते नऊ ही वेळ वाईट, कारण शिफ्ट सुटल्यावर पाय वर्षानुवर्षं गुत्त्याकडेच वळलेले असतात. त्या वेळी कुणीतरी त्यांच्यासोबत असावं आणि पोट भरलेलं असावं. भूक लागली की ओढ वाढते. आठाऐवजी साडेसहालाच भाकरी-आमटी वाढली तर फरक पडतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची (दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटाची) सभा जवळ भरत असेल तर पहिल्या दोन-तीन वेळा कुणीतरी दारापर्यंत सोडायला जा. तिथे फी नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी.

त्यांचा फोटो स्टेटसला टाकू नका. गणपतीत स्टेजवर बोलावून "दारू सोडल्याबद्दल सत्कार" तर मुळीच नको. उद्या पाय घसरला तर ज्या गल्लीने हार घातला त्याच गल्लीत तोंड दाखवायची लाज वाटते, आणि माणूस पुन्हा स्टँडवर जातो. पाय घसरणं या आजारात बऱ्याच वेळा होतं. तेव्हा काय करायचं ते आधीच मामांसोबत बसून ठरवा : फोन कुणाला करायचा, ती रात्र कुठे काढायची, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे कोण नेणार. घसरण्याच्या आधी दोन दिवस काय घडलं होतं ते लिहून ठेवा. पगार, मुलाचा फोन, गड्ड्याची जत्रा, रथोत्सवाची मिरवणूक, काहीतरी सापडतंच. पुढच्या वेळी त्या दिवशी दोन माणसं जास्त ठेवा.

खासगी व्यसनमुक्ती केंद्र निवडणार असाल तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी बघायला मागा. डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हेही विचारा. साखळीने बांधणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे. "महिनाभर भेटायचं नाही, फोन नाही" म्हणणाऱ्या केंद्रात पाठवू नका. पुण्यात १९८६पासून चालू असलेलं मुक्तांगण विचारात घेता येईल, पण परतल्यावरची व्यवस्था तुम्हालाच करावी लागेल.

कामाबद्दल मालकांना स्पष्ट सांगा. गुंगीची औषधं चालू असताना चालत्या मागावर उभं करायचं नाही, फिटचा धोकाही असतो. घडी, पॅकिंग, मोजणी अशा कामांवर आधी अर्धा दिवस ठेवावं. निदान तीन महिने रात्रपाळी नको. आठवड्याची मजुरी खात्यात जमा व्हावी. शक्य असेल तर ती दोन हप्त्यांत द्यायची, म्हणजे पगाराचा एक मोठा दिवस उरत नाही. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, नको. जुनी उचल बाकी असेल तर ती वहीत लिहून दोघांनी सही करावी आणि दर आठवड्याला झेपेल एवढीच कापावी. पहिल्याच आठवड्यात सगळी वळती करून घेतली, तर पुढच्या सोमवारी तो कामावर येत नाही.