आजोबांचे सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर स्वसंरक्षणासाठी रोज जवळ बाळगावे का?

आपण विचारले आहे की, निपाणीत तंबाखूचा व्यापार केलेल्या आपल्या आजोबांच्या परवान्यावर एक जुने सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर आहे, आजोबांनी सत्तरी ओलांडल्यामुळे ते आपल्या नावावर होऊ शकते, आणि हंगामात रोख रक्कम घेऊन मुरगूड-कागलकडे जावे लागत असल्याने ते रोज कमरेला लावणे योग्य ठरेल का. मी सैन्यात शस्त्रदुरुस्तीच्या कामावर २२ वर्षे होतो आणि निवृत्तीनंतर ९ वर्षे बेळगावातील एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात काम केले. वारशाने आलेली अशी हत्यारे त्या काळात माझ्या हाताखालून बरीच गेली. माझे मत असे की ते अवश्य नावावर करून घ्यावे, परंतु रोज जवळ बाळगू नये.

आधी यंत्र समजून घेऊ. या प्रकारात चाप, म्हणजे बोटाने ओढायची कळ, एकच काम करतो, ते म्हणजे ताणलेला घोडा, म्हणजे मागच्या बाजूची हातोडीसारखी आघात करणारी कळ, सोडण्याचे. घोडा ताणणे आणि काडतुसांची घरे असलेली फिरती चक्री पुढच्या घरावर आणणे हे काम प्रत्येक बाराला अंगठ्यानेच करावे लागते. कानपूरच्या कारखान्यात बनणाऱ्या ०.३२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये नुसता चाप ओढला तरी घोडा मागे जाऊन बार निघतो. आपल्या हत्यारात घोडा ताणल्याशिवाय चाप कितीही दाबला तरी काही होत नाही. अमेरिकेत १८७३ साली कोल्ट कंपनीने लष्करासाठी आणलेले सहा घरांचे रिव्हॉल्व्हर हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे, आणि जुन्या सिंगल ॲक्शन हत्यारांपैकी पुष्कळशी त्याच घडणीची असतात.

या घडणीत एक धोका आहे, तो नीट ध्यानात घ्यावा. काडतुसावर आघात करणारी सुई घोड्याच्या नाकावरच बसवलेली असते, त्यामुळे घोडा खाली असताना ती थेट समोरच्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या बुडाच्या भागावर, टेकते, आणि हत्यार हातातून फरशीवर पडून घोड्यावर आपटले तर बार निघू शकतो. घोडा किंचित मागे घेऊन पहिल्या खाचेत अडकवला की तो सुरक्षित झाला, असे पुष्कळ जण समजतात; परंतु ती खाच नाजूक असते आणि जोरदार आघाताने तुटते. म्हणूनच तिकडचे जाणते लोक सहा घरांत पाचच काडतुसे भरतात आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवतात. एक घर भरावे, दुसरे सोडावे, पुढची चार भरावीत, मग घोडा पूर्ण ताणून, अंगठ्याने घट्ट धरून हळूच खाली आणावा, म्हणजे तो बरोबर रिकाम्या घरावर येतो. अमेरिकेतील रुगर कंपनीने १९७३ पासून आपल्या नव्या नमुन्यांत घोडा आणि सुई यांच्यामध्ये एक पट्टी बसवली, जी चाप ओढला तरच वर येते, आणि तेव्हापासून त्या हत्यारांत सहाही घरे भरता येऊ लागली. मात्र आपल्याकडे १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद असल्याने, घराघरांतून वारशाने येतात ती बहुतेक जुन्याच घडणीची असतात.

एकदा खानापूर भागातील एक गृहस्थ सासऱ्यांचे असेच रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून, एसटीने दुकानात घेऊन आले होते. मी नळी भिंतीकडे करून चक्रीमागची काडतुसे भरायची झडप उघडली तर सहाही घरे भरलेली, आणि घोडा सहाव्या काडतुसावर टेकलेला. ते काडतूस काढून उजेडात धरले तेव्हा त्याच्या टोपीवर मोहरीच्या दाण्याएवढा खळगा पडलेला दिसला. बसच्या धक्क्यांनी सुई त्या टोपीवर किती वेळा आपटली असेल, याचा विचार आजही मनातून जात नाही. त्यांना ते काडतूस दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसरी अडचण घाबरलेल्या हाताची आहे. घोडा ताणल्यानंतर या हत्याराचा चाप अतिशय हलका होतो, आणि समोरचा माणूस पळून गेला किंवा हात वर करून उभा राहिला, तर आता तो ताणलेला घोडा थरथरत्या, घामेजलेल्या अंगठ्याने खाली आणायचा असतो. सैन्यात असताना चाचणीच्या वेळी माझ्या अंगठ्याखालून असा घोडा एकदा निसटला होता. ते रिव्हॉल्व्हर सिंगल ॲक्शन नव्हते, परंतु घोडा ताणलेल्या अवस्थेत दोन्ही सारखीच. नळी मातीच्या बांधाकडे होती म्हणून गोळी मातीत गेली. शांत मैदानावर, वर्षानुवर्षांचा सराव असलेल्या हाताचे असे झाले, तर अंधाऱ्या रस्त्यावर काय होईल हे सांगायला नको.

गुणही सांगायला हवेत. यंत्र साधे आणि भरवशाचे आहे, काडतूस फुसके निघाले तर पुन्हा घोडा ताणला की पुढचे घर समोर येते, आणि नुसत्या चाप दाबण्याने चुकून बार निघत नाही. परंतु पाच बार संपल्यावर झडपेतून एकेक रिकामे काडतूस दांडीने ढकलून काढायचे आणि एकेक नवे भरायचे, हे झटापटीत जमणारे काम नव्हे.

काडतुसांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे फसगत सर्वांत जास्त होते. परवान्यावर नुसते ‘रिव्हॉल्व्हर ०.३२ बोअर’ असे लिहिलेले असते, परंतु ०.३२ म्हणजे एकच काडतूस नव्हे. आपल्याकडे रिव्हॉल्व्हरसाठी मिळते ते सरळ नळकांड्याचे ‘०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’, पिस्तुलाचे ०.३२ वेगळे, आणि जुन्या अमेरिकी सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरपैकी काही ‘०.३२-२०’ या तिसऱ्याच, मानेपाशी निमुळत्या होणाऱ्या आणि बुडाशी जाड असलेल्या काडतुसासाठी बनलेली असतात. त्यात दुकानातले काडतूस घातले तर ते ढिले बसते आणि बार निघताना त्याचे कवच फुगते किंवा फाटते. शिवाय फार जुनी हत्यारे काळ्या दारूसाठी घडवलेली असतात, त्यांत आजच्या दारूचा दाब जाऊ देऊ नये. नळीवर आणि चौकटीवर काय कोरले आहे ते भिंगाने वाचून घ्यावे आणि त्यानंतरच काडतुसांचा विचार करावा.

आता आपल्या भागाची खरी अडचण. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेले असते, आणि निपाणीच्या माणसाला बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेला परवाना जर कर्नाटकापुरता असेल, तर सीमेवरचे कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रातील कागलच्या हद्दीत गेल्यावर कमरेचे हत्यार हा परवान्याच्या अटींचा भंग, म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३० खाली गुन्हा होतो. आपल्याला हद्द जाणवत नाही. शेत एका राज्यात, सोयरीक दुसऱ्या राज्यात, आणि महाराष्ट्रातल्या शिनोळीचा माणूस बाजाराला बेळगावात, हे आपले रोजचे जगणे आहे. परवान्याला मात्र हद्द कळते. नाक्यावरचा हवालदार ‘पाहुण्यांकडे चाललोय’ हे कारण ऐकून घेणार नाही, आणि महाराष्ट्रात निवडणूक असली की त्याच नाक्यावर डिकी उघडून झडती होते. आपल्या बाजूला निवडणूक लागली की परवान्यावरची हत्यारे पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करण्याचे आदेश निघतात, आणि १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, सुमारास बेळगावात जमावबंदी लागली तर त्यात हत्यार बाळगण्यावरही बंदी असू शकते. आपल्याला ज्या रस्त्यावर भीती वाटते तो मुरगूडचा रस्ता तर सरळ महाराष्ट्रात जातो. तेव्हा क्षेत्र वाढवून घेतल्याशिवाय हा प्रश्नच उद्भवत नाही.

कायद्याने दिलेला बचावाचा हक्कही मर्यादित आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो सांगितला आहे. जबरी चोरीच्या वेळी तो हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो हे खरे, परंतु बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि मृत्यूची, दुखापतीची किंवा अडवून ठेवण्याची भीती जोवर चालू आहे तोवरच तो टिकतो. दुचाकीवरचे दोघे पिशवी हिसकावून शंभर पावले पुढे गेल्यावर त्यांच्या पाठीत गोळी घालणाऱ्याच्या मदतीला तो हक्क येत नाही. आणि पिशवी हिसकावली जाते ती दोन-तीन सेकंदांत. तेवढ्यात कमरेचे हत्यार काढून घोडा ताणणे आपल्याच्याने होणार नाही. पैसे बँकेतून फिरवावेत, ते शक्य नसेल तेव्हा वेळ आणि रस्ता बदलत जावा, बरोबर माणूस घ्यावा. आपल्या अडचणीवर याचाच उपयोग अधिक होईल.

नावावर करून घेण्याचे काम मात्र लांबवू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने ७० वर्षे पूर्ण केली किंवा हत्यार २५ वर्षे बाळगले, तर तो हयात असतानाच ते आपल्या वारसाला देता येते. इतर वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रे आजोबांच्या समोरच करून घ्यावीत, कारण त्यांच्या पश्चात भावाभावांत वाद झाला तर हत्यार वर्षानुवर्षे पोलीस ठाण्याच्या कोठारात गंज खात पडते, आणि अशी चांगली हत्यारे वाया गेलेली मी पाहिली आहेत. परवाना हाती येईपर्यंत हत्यार आजोबांच्याच ताब्यात राहू द्यावे. तपासणीसाठी बेळगावला नेताना आजोबांना आणि मूळ परवान्याला बरोबर घ्यावे, आणि काडतुसे वेगळ्या डब्यात ठेवावीत.

तपासणाऱ्यासमोर आजोबांना एवढेच करायला सांगा: सर्व घरे रिकामी आहेत हे दोघांनी डोळ्यांनी पाहून घ्यावे, मग घोडा कानाजवळ धरून अगदी सावकाश मागे ओढावा. कोल्टच्या घडणीत चार वेगवेगळे खटके ऐकू येतात, आणि घोडा पूर्ण मागे गेल्यावर चक्री बोटांनी हलवून पाहिली तर ती जागची हलू नये. खटका कमी आला, किंवा चक्री लटलटली, तर ते हत्यार दुरुस्त होईपर्यंत त्यात एकही काडतूस घालू नका.