चूक पकडायची रीत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेलीस, पण जिन्यात उभं राहून विचारलेला तुझा प्रश्न माझ्यापाशीच राहिला. फिजिक्स आवडतं, पण हल्ली वाचन सगळं पेशींचं चाललंय. गणित सोडायला जीव होत नाही. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाला जाऊन आलीस की चार दिवस दुसरं काही सुचत नाही. आणि घरचे म्हणतात, एक काय ते ठरव. आभाळ भरून आलं होतं, तुला औंधपर्यंत स्कूटर न्यायची होती, म्हणून तेव्हा थांबवलं नाही. आज निवांतपणे लिहायला बसले आहे.

तू काय ठरवावंस ते मी सांगणार नाही. पण या विषयांच्या मधल्या पट्ट्यात चाळीसेक वर्षं ये-जा केल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. नव्या विषयात शिरताना तिथली सूत्रं आणि संज्ञा मागाहून आल्या तरी चालतं. तिथली माणसं स्वतःची चूक कशी पकडतात, ते आधी शिकावं लागतं.

मी हे उशिरा शिकले. पीएच.डी. फिजिक्समध्ये झाली आणि त्यानंतर मी एका जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. काम जिवाणूंच्या वाढीचं होतं. फ्लास्क शेकरवर ३७ अंशांना ठेवायचा, दर वीस मिनिटांनी थोडं कल्चर (जिवाणू वाढत असलेलं द्रावण) क्युव्हेट नावाच्या छोट्या पारदर्शक नळीत काढायचं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाश मोजणाऱ्या मशीनवर ६०० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. जिवाणू वाढले की आरपार जाणारा प्रकाश कमी होतो आणि रीडिंग चढतं. लॉग स्केलवर सुरुवातीला सरळ रेघ यायची, मग ती वाकायची, आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर वाकायची. त्या वाकण्यावर मी समीकरण मांडलं. त्यात तीन स्थिरांक होते. वक्र सगळ्या बिंदूंवरून इतका बेमालूम गेला की मला रात्री झोप लागेना. पुढचे सहा आठवडे मी त्या स्थिरांकांचा जीवशास्त्रीय अर्थ लावत होते.

एके दुपारी तिथले प्रयोगशाळा सहायक माझ्या टेबलाशी आले, माझी वही पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, रीडिंग एकच्या वर गेल्यावर डायल्यूट करून घेताय ना?" मी घेत नव्हते. त्यांनी एक मिलिलिटर कल्चर घेतलं, त्यात नऊ मिलिलिटर ताजं मीडियम घातलं, क्युव्हेट बाहेरून टिश्यूनं पुसली आणि मशिनमध्ये ठेवली. आकडा आला ०.१६. म्हणजे मूळ कल्चरचं रीडिंग १.६ असायला हवं होतं. माझ्या वहीत त्याच फ्लास्कपुढे १.१ लिहिलं होतं. कल्चर दाट झालं की एका जिवाणूवरून विखुरलेला प्रकाश दुसऱ्यावर आदळतो, त्यातला काही पुन्हा डिटेक्टरकडे वळतो आणि मशीन जिवाणू कमी मोजतं. माझी रेघ वाकवत होता तो बऱ्याच अंशी हा प्रकाश. जिवाणू आपले वाढतच होते.

त्या गृहस्थांचा हात रीडिंग एकच्या पुढे गेलं की आपोआप पिपेटकडे जायचा. विषयाचं खरं शहाणपण अशा सवयींमध्ये साठलेलं असतं. शोधनिबंधात ते फार तर एका ओळीत येतं, कधी येतही नाही. म्हणून सांगते, जीवशास्त्राकडे वळायचं असेल तर पहिले सहा महिने मॉडेल करू नकोस. तिथल्या सर्वांत अनुभवी हातांशेजारी उभी राहा.

दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव तुला इतिहासकार म्हणून माहीत असेल. १९३३ ते १९४५ ते याच पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. १९४४ साली त्यांनी आनुवंशशास्त्रातला एक निबंध लिहिला. प्रश्न असा होता: एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर, पिढीमध्ये ती किती वेळा एकमेकांपासून सुटी होतात त्यावरून काढता येईल का? जवळच्या जनुकांना हे सोपं आहे. लांबच्या जनुकांमध्ये मात्र गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल झाली की ती पुन्हा एकत्र आलेली दिसतात आणि मोजणी चुकते. आनुवंशशास्त्रज्ञ हॉल्डेनचं आधीचं सूत्र अशा अदलाबदली एकमेकींपासून स्वतंत्र मानत होतं. पण एका जागी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते, हे जीवशास्त्रज्ञांनी प्रयोगात पाहिलं होतं. कोसंबींनी ते गणितात आणलं. वीस टक्के वेळा सुटी होणारी जनुकं हॉल्डेनच्या सूत्रानं २५.५ सेंटिमॉर्गन (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक) दूर निघतात, कोसंबींच्या सूत्रानं २१.२. पिकांच्या जनुकांचे नकाशे आजही या सूत्रानं काढतात, आणि सॉफ्टवेअरच्या मेनूत 'कोसंबी' हे नाव दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरून आलं होतं.

त्यांचं नाण्यांवरचं काम मला याहूनही जवळचं वाटतं. नाणं हातोहात फिरतं तेव्हा झिजतं. जास्त काळ फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन घटतं आणि त्यांच्या वजनांमधली तफावत वाढते. मग प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेल्या, नाण्यांच्या ढिगातली कुठली आधीची आणि कुठली नंतरची हे तराजूवर ठरवता येईल का? कल्पना सुंदर आहे, पण ती खरी कशावरून? त्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणी तोलली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, म्हणजे उत्तर आधीच हातात असतं. ज्याचं उत्तर माहीत आहे त्यावर पद्धत पारखून घ्यायची आणि मगच अज्ञाताला हात घालायचा. बायॉलॉजीत याला कंट्रोल म्हणतात. एक गणिती पुराणवस्तूंना तो लावत होता.

याच कोसंबींनी पुढे रीमान गृहीतकाची, म्हणजे मूळ संख्यांशी जोडलेल्या गणितातल्या एका प्रसिद्ध न सुटलेल्या प्रश्नाची, सिद्धता संभाव्यतेच्या वाटेनं दिल्याचा दावा केला आणि तो १९५९ साली कृषी-सांख्यिकीच्या एका नियतकालिकात छापला. ती सिद्धता टिकली नाही. हे लिहिताना माझ्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे, पण तुला ही बाजूही माहीत असायला हवी. नाण्यांच्या बाबतीत ज्याला भक्कम पुरावा म्हणता येतं, तेवढ्यानं गणितात सिद्धता होत नाही. तिथे एक पायरी सुटली तरी सगळं सुटतं, आणि ती सुटलेली पायरी दाखवणारे डोळे नंबर थिअरीतल्या माणसांकडे असतात. निबंध त्यांच्या हाती आधी जायला हवा होता असं मला आजही वाटतं.

तत्त्वज्ञानाबद्दल तू जरा संकोचून बोललीस, जणू तो चोरून करायचा अभ्यास आहे. तसं मुळीच समजू नकोस. माझ्या कामाला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली एक गोष्ट मला सदाशिव पेठेतल्या एका शास्त्रीबुवांनी शिकवली. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, हे नैयायिकांचं, म्हणजे न्याय या जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या पंडितांचं, अनुमान तुला ठाऊक आहे. शास्त्रीबुवांनी ते उलटं केलं: आग आहे, म्हणून धूर असणारच. हे चुकतं. लोखंडाचा गोळा तापून लाल झाला तर त्यात आग आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. आग आणि धूर यांच्यामध्ये गुपचूप बसलेल्या या ओल्या सरपणाला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. जिथे धूर तिथे ओलं सरपण असतंच, पण जिथे आग तिथे ते असेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले आणि आमच्या प्लेट्स पाहिल्या. म्युटंटच्या, म्हणजे जनुकात बदल झालेल्या जिवाणूच्या, प्लेट्स कायम इन्क्युबेटरच्या वरच्या फळीवर ठेवल्या जात होत्या, साध्या प्रकारच्या खालच्या फळीवर. वरची फळी थोडी जास्त गरम असते. म्युटंट लवकर वाढतो असं आम्ही महिनाभर म्हणत होतो. फळ्या बदलल्या आणि फरक निम्म्याहून कमी झाला. संख्याशास्त्राच्या पुस्तकात याला दुसरं नाव आहे आणि त्यावर लांब प्रकरणं आहेत. पण मला आजही कुठलाही आलेख पाहिला की आधी 'ओलं सरपण कुठे आहे?' हेच सुचतं.

इंजिनिअरिंगला तू यादीत घेतलंच नव्हतंस. एकदा नारायणगावजवळ खोडदला जाऊन जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण बघून ये. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. एवढ्या मोठ्या डिशला उघड्यावर सर्वांत मोठा धोका वाऱ्याचा. ती उभारणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र्याऐवजी स्टीलच्या बारीक तारेची जाळी दोरखंडांवर ताणून बसवली. ज्या रेडिओ लहरी पकडायच्या त्यांची लांबी वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत, आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. त्यामुळे लहरीला ती जाळी आरशासारखीच असते, आणि वारा मात्र निघून जातो. इथे चूक झाली असती तर ती कुणा समीक्षकानं दाखवली नसती. पहिल्या वादळानं दाखवली असती. अशा कामाची जबाबदारी जवळून पाहिली की आपल्या कागदावरच्या गृहीतकांकडे माणूस वेगळ्या नजरेनं बघतो.

आता व्यवहाराचं. सीएसआयआर-नेट या संशोधनवृत्ती आणि प्राध्यापकीसाठीच्या परीक्षेला एकच विषय निवडावा लागतो, नोकरीच्या जाहिरातीही विभागवार निघतात. मुलाखतीत तुला विचारतील, तू आमची की त्यांची? म्हणून एक विषय असा ठेव की त्यात तुला कुणी हलवू शकणार नाही. तुझ्या बाबतीत तो फिजिक्स असावा असं मला वाटतं, कारण अंदाजे आकडा काढताना तुझा चेहरा उजळतो. टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची जीवशास्त्र आणि आंतरविद्याशाखीय जीवविज्ञानासाठीची प्रवेश परीक्षाही बघून ठेव. गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या मोजू नकोस. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एवढंच विचार, सरांचं किंवा मॅडमचं म्हणणं चुकतंय असं तुम्ही कधी सांगितलंत का, आणि मग काय झालं?

आणि आयसर किंवा आयुका या पुण्यातल्या विज्ञान संस्थांमध्ये व्याख्यानांना जातेस तेव्हा व्याख्यानाच्या नोट्स काढत बसू नकोस, त्या नंतर मिळतात. शेवटी विचारलेले प्रश्न लिहून घे. कंट्रोल काय होता, हे कोण विचारतं? ही अट नेमकी कुठे वापरली, असं म्हणून वक्त्याला दहा मिनिटं कोण अडवतं? 'कारण' या शब्दाचा अर्थ काय घेताय, असं म्हटल्यावर कोण वैतागतं? वर्षभरात वही भरेल, आणि कुठल्या घरात चूक कशी पकडतात ते तुझ्या हातात असेल.

गुरुवारी संध्याकाळी ये. येताना घरातली एक रुपयाची स्टीलची नाणी गोळा करून आण, २०११ साली आलेल्या छोट्या आकाराचीच. शंभर तरी जमव. आईला, वाण्याला, रिक्षावाल्या काकांना माग. एका नाण्याचं ठरलेलं वजन ३.७९ ग्रॅम आहे. कॉलेजच्या मिलिग्रॅमच्या काट्यावर आपण ती सालवार तोलू. सालाखाली टांकसाळीची खूण असते: मुंबईची पत्त्यातल्या चौकटसारखी खूण, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याला काहीच नाही. ती प्रत्येक नाण्यापुढे वहीत लिही, विसरू नकोस. नाणी धुऊन आणू नकोस. आधी मळासकट तोलायची आहेत.

तुझी,
मॅडम