'व्हेरी' तोड, मग पुढचं बोलू

आयईएलटीएसची, म्हणजे त्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी सुरू केलीस, बरं केलंस. पण ती 'भारी' शब्दांची पीडीएफ आधी बाजूला ठेव. मीही पाठ केली होती. एकाच निबंधात 'प्लेथोरा' तीनदा कोंबला आणि रायटिंगमध्ये नऊपैकी साडेपाचवर अडकलो. कडक भाकरीवर आयसिंग लावल्यासारखं दिसत होतं ते!

रायटिंगच्या गुणांत शब्दसंपत्तीचा वाटा 25 टक्के. तिथे शब्द किती अवघड यापेक्षा किती नेमका आणि कुणाशेजारी बसलाय, हे बघतात. पाऊस 'हेवी' असतो, 'स्ट्राँग' नाही. चहा मात्र 'स्ट्राँग'. चूक 'मेक' करतात, 'डू' नाही. म्हणून वहीत सुटा शब्द नको, जोडीनंच लिही.

आता 'व्हेरी'. आपल्या सोलापूरचा मे महिना 'व्हेरी हॉट' नसतो रे, 'स्कॉर्चिंग' असतो. 'प्रॉब्लेम' लिहितानाही जरा थांब. पाणी कमी पडलं तर 'शॉर्टेज', यंत्रमाग बंद पडत गेले तर 'डिक्लाइन', नव्या पेठेत गाड्या तुंबल्या तर 'कंजेशन'. एका 'प्रॉब्लेम'च्या जागी तीन वेगळ्या गोष्टी दिसायला लागल्या की नाही?

'किड्स', 'स्टफ' बोलताना चालतील, निबंधात नकोत.

रायटिंगमध्ये दोन टास्क असतात. दुसऱ्याला, म्हणजे निबंधाला, पहिल्याच्या दुप्पट वजन आहे, त्यामुळे सराव तिथूनच सुरू कर. 250 शब्द लिही, रविवारी घेऊन ये. 'व्हेरी' किती आलेत ते मी लाल पेनानं मोजणार आहे.