इम्प्लांट अर्धवट, हप्ते मात्र चालू

प्रश्न : आईच्या दोन दाढांच्या इम्प्लांटसाठी दवाखान्याने 96,000 रुपये सांगितले. एकदम जमणार नव्हते, म्हणून त्यांनी 'बिनव्याजी बारा हप्ते' करून दिले. माझं आधार, पॅन घेतलं, मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला; सही कुठेच केली नाही. हाडात स्क्रू बसवले आणि ते डॉक्टरच दवाखाना सोडून गेले. सात महिने झाले, कॅप बसलेल्या नाहीत. खात्यातून दरमहा 8,000 जातात. हप्ते बंद करू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, घाईने बंद करू नका.

तुम्ही दवाखान्याचं बिल हप्त्याने फेडताय असं तुम्हाला वाटतंय. त्या ओटीपीने बहुधा तुमच्या नावावर कर्ज निघालं आणि फायनान्स कंपनीने दवाखान्याला रक्कम एकदाच चुकती केली. दवाखान्याचे पैसे केव्हाच वसूल झाले, म्हणून तर 'पुढच्या महिन्यात या' असं निवांत सांगता येतं. सही नाही, हा बचाव टिकणं अवघड. ओटीपीने दिलेली संमतीही चालते.

खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर दंड लागतो, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बिघडतो आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007च्या कलम 25 खाली, चेक बाउन्ससारखी, फौजदारी तक्रारही होऊ शकते. दोष दवाखान्याचा आणि कोर्टाच्या खेपा तुम्हाला, असं व्हायला नको.

आधी कंपनीला ईमेल करा : कर्जाचा करार आणि मुख्य अटींचा तक्ता (केएफएस) द्या, उपचार अपुरे आहेत, वाद मिटेपर्यंत वसुली थांबवा. 'बिनव्याजी'मागे प्रोसेसिंग फी लपली आहे का, हे त्या तक्त्यात दिसेल. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

दवाखान्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या : 15 दिवसांत कॅप बसवा, नाहीतर पैसे परत करा. एक्स-रे, उपचाराची नोंद आणि इम्प्लांटच्या कंपनीचं स्टिकर मागून घ्या. स्टिकर विसरू नका. कोणता स्क्रू आहे हे कळल्याशिवाय दुसरा डॉक्टर कॅप करायला सहसा तयार होत नाही. त्या दुसऱ्या डॉक्टरकडून उरलेल्या कामाचा लेखी अंदाजही घ्या, नुकसानीचा आकडा त्यावरच ठरेल. डॉक्टर सोडून गेले ही दवाखान्याची अडचण आहे, आईची नव्हे.

तरीही दाद लागली नाही तर सोलापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ठरवलंय. 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रारदार म्हणून दोघींची नावं घाला, कारण कर्ज तुमचं आणि दात आईचे. समोर दवाखाना आणि फायनान्स कंपनी दोघांनाही ओढा, आणि ग्राहक कायद्याच्या कलम 38(8) खाली हप्त्यांना अंतरिम स्थगिती मागा. ती मिळेलच असं नाही. मिळाली की मगच हप्ता थांबवा.